तळघरात बासष्ट टक्के

३ ऑक्टोबर, गुरुवार. सकाळी ८.
नवी वही. म्हणजे जुनीच, तंबाखू सुकवायच्या भट्टीची. कोरडा काटा, ओला काटा, शेरा, असे तीन रकाने छापलेले. बेचाळीस वर्षं असल्या वह्या भरल्या. कॅनडातल्या आमच्या नॉरफोक परगण्याची तंबाखू सोन्यासारखी पिवळी निघायची ती विल्मोश सालायसारख्या, म्हणजे माझ्यासारख्या, भट्टीवाल्यांमुळे. नाव शेतमालकाचं व्हायचं, तो भाग वेगळा.

आज परसातली चार झाडं कापली. औषधी गांजा. डॉक्टरांची चिठ्ठी, सरकारी कागद, सगळं रीतसर. कागद स्वयंपाकघरात मेरीमातेच्या तसबिरीशेजारी टाचला आहे. औषध बायकोसाठी, पिरोश्कासाठी. केमोच्या पहिल्या फेरीनंतर ती चार दिवस ओकत होती. चमचाभर सूप पोटात ठरेना. हॉस्पिटलनं दिलेली मळमळीची गोळीसुद्धा बाहेर. डॉक्टर म्हणाल्या, गांजानं काही जणांना आराम पडतो. मी म्हटलं, सुकवण्याचं माझ्यावर सोडा.

वेळापत्रक: दहा दिवस सुकवणं, दोन आठवडे बरणीत मुरवणं. तिसरी फेरी २९ तारखेला, त्याआधी औषध तयार. दुसरी फेरी या आठ तारखेला आहे, ती कशीबशी निभावून नेऊ.

मी घाबरलेलो नाही. नोंद असावी.

४ ऑक्टोबर, शुक्रवार.
कॅलगरीहून इलोनानं छापील माहिती पाठवली. मुलीला वाटतं बापाला काही येत नाही. अंधारी खोली, साठ डिग्री फॅरनहाइट, हवेत साठ टक्क्यांच्या आसपास ओल, घाई नको. ओल जास्त राहिली तर बुरशी, कमी पडली तर चुरा. वाचून हसू आलं. साठ डिग्रीत आम्ही बटाटे ठेवतो. तंबाखूचं पान आधी पंच्याण्णवावर पिवळं करायचं, मग पायरीपायरीनं चढवायचं. या कागदवाल्यांनी भट्टीचं तोंडसुद्धा पाहिलेलं नसणार.

परसातल्या जुन्या भट्टीतून गवत कापायचं यंत्र बाहेर ओढलं. पिरोश्कानं खिडकीतून विचारलं, अरे, चार काटक्यांसाठी अख्खी भट्टी पेटवतोस की काय? मी म्हटलं, एकच झाड. शास्त्रीय प्रयोग.

६ ऑक्टोबर, रविवार.
प्रयोगाचा निकाल. रंग: सुरेख पिवळा. वास: गवताच्या गंजीचा. हातात धरलं की भुगा. पिरोश्का म्हणाली, येनोच्या घोडीला घाल, बिचारीला मळमळत असेल तर बरं वाटेल. येनो म्हणजे आमचा शेजारी. तोही पूर्वी भट्टीवर होता, पण माझ्या हाताखाली.

शेरा: झाड क्र. १ ची प्रत मुळातच हलकी होती.

उरलेली तीन झाडं तळघरात टांगली. अंधार, गारवा, पंखा. इलोनाच्या कागदात हेच लिहिलं आहे, पण मी हे स्वतंत्रपणे ठरवलं.

७ ऑक्टोबर, सोमवार.
इलोनानं पोस्टानं मीटर पाठवला. काडेपेटीएवढा. हवेतली ओल आकड्यात दाखवतो. तळघरात ठेवला आणि बघतो तर ६२ टक्के. पहिल्याच फटक्यात! कागदवाले ज्यासाठी महिना महिना धडपडतात ते मी एक पंखा आणि अर्धी उघडी खिडकी यावर साधलं. हात तो हात.

हॉस्पिटलचा कागद आला. प्रत्येक फेरीच्या आधी येतो. मळमळ किती, शून्य ते दहा. झोप किती, भूक किती. नोंदी ठेवायची सवय घरात मला, म्हणून मीच भरतो. मळमळ: दोन. आटोक्यात. आता औषध तयारच होत आलंय, तर उगाच डॉक्टरांपुढे रडगाणं कशाला? पिरोश्कानं विचारलं, किती लिहिलेस? दोन म्हटलं.  ती उद्यासाठी बूट शोधायला गेली.

९ ऑक्टोबर, बुधवार.
काल दुसरी फेरी झाली. तळघर: ६२. पिरोश्का: पहाटेपासून सात वेळा.

बादली धुऊन परसातच विसरलो. कॉफी रिकाम्या पोटी घेतली होती त्यामुळे.

१० ऑक्टोबर, गुरुवार.
तळघर: ६२. पिरोश्का: नऊ वेळा. वजन ११३ पौंड. सप्टेंबरात १२१ होतं.

तीन दिवसांपासून सरोवराकडून धुकं येतंय, वर पाऊस. भिंतींना घाम फुटला आहे. गंमत म्हणून भट्टीचे जुने काटे, म्हणजे तापमापक, तळघरात टांगले: एक कोरडा, एक ओलं फडकं बांधलेला. दोघांमधला फरक बघून ओल काढायची, हे मी झोपेत करू शकतो. उत्तर आलं ७८.

म्हणजे जुने काटे बिघडले. वाईट वाटलं. बेचाळीस वर्षं साथ दिली बिचाऱ्यांनी. मीटर मात्र ठाम आहे.

१२ ऑक्टोबर, शनिवार.
येनो येऊन गेला. तळघरात नाक वर करून फिरला आणि म्हणाला, इथं तर बेडूक सुखानं नांदतील, हवा सुकवायचं यंत्र आण. मी त्याच्या नाकासमोर मीटर धरला. ६२! तो म्हणाला, मग माझा चष्मा का धुरकटतोय? मी म्हटलं, चष्मा बदल.

मत्सर वाईट. बाकी माणूस चांगला आहे.

१४ ऑक्टोबर, सोमवार. थँक्सगिव्हिंग.
टर्की नाही. पिरोश्कानं अंथरुणातून सूचना दिल्या आणि मी आलुबुखाराचे डम्पलिंग, म्हणजे पाण्यात उकडलेले गोळे, केले. तेरापैकी नऊ पाण्यात विरघळले. तिनं एक खाल्लं. माझ्यासाठी खाल्लं, कारण मी चमच्याकडे बघत उभा होतो. वीस मिनिटांनी तेही बाहेर.

मी तळघरात जाऊन उभा राहिलो. ६२. बरं वाटतं तिथं. घरात एक तरी गोष्ट जागेवर आहे.

१६ ऑक्टोबर, बुधवार.
महत्त्वाचा दिवस. फुलांचे तुरे बाहेरून कुरकुरीत लागले. बोटानं दाबलं तर कडा तुटली. धस्स झालं, प्रयोग क्र. १ आठवला. पण इथं भट्टीवाल्याचं डोकं चालतं. भट्टीतून पान काढण्याआधी त्याला वाफ देऊन नरम करतात, नाहीतर उतरवतानाच मोडतं. पान हाताला आलं पाहिजे, असं आम्ही म्हणतो. या परगण्यात हे कुणालाही विचारा.

किटली तळघरात नेली. पाऊण तास वाफ. तुरे कसे मऊ, लोकरीसारखे झाले. इलोनाच्या कागदात वाफेबद्दल एक अक्षर नाही. कुठून असणार? त्यांच्यात भट्टीवाला कोण आहे?

सहा बरण्या भरल्या, झाकणं घट्ट. एकीत मीटर टाकला. ६२. वाफेनंतरसुद्धा! माझाच मला हेवा वाटला.

१७ ऑक्टोबर, गुरुवार.
रोज दोनदा बरण्या उघडून हवा द्यायची असते. मी त्याला ढेकर काढणं म्हणतो. सकाळी सहा ढेकर, संध्याकाळी सहा. इलोना तान्ही असताना पिरोश्का तिला खांद्यावर घेऊन थोपटायची, तसंच. पिरोश्काला सांगितलं तर ती हसली. या आठवड्यातलं पहिलं हसू. बरणीमुळे.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार.
नर्स बर्नडेट आली. दर शुक्रवारी येते. पिरोश्काचं रक्त काढलं. म्हणाली, पांढऱ्या पेशी पार तळाला गेल्यात, कुंडीतली माती हाताळू नका, शिळं खाऊ नका, बुरशी घरात कुठंही नको, मिस्टर सालाय, बुरशीचा एवढासा कण हिच्या फुप्फुसात गेला तर मग मला विचारू नका. मी म्हटलं, मला बुरशी शिकवू नका, मी बेचाळीस वर्षं.... ती म्हणाली, आणि मळमळ? मी दारातूनच म्हटलं, आटोक्यात. ती पिरोश्काकडे वळली. पिरोश्का म्हणाली, तो म्हणतोय ना.

दुपारी बरण्या उघडल्या. क्रमांक २ चा वास जरा तीव्र. गोठ्यासारखा. मुरतंय, हे त्याचं लक्षण.

संध्याकाळी पुन्हा उघडल्या. आणि जेवणानंतर पुन्हा. एवढासा कण म्हणजे केवढा, हे तिनं सांगितलं नाही.

२० ऑक्टोबर, रविवार.
चर्चनंतर हंगेरियन हाउसमध्ये आमच्या समाजाच्या मंडळींना आर्द्रतेवर वीस मिनिटं सांगितलं. सगळे गप्प ऐकत होते. शेवटी एकानं विचारलं, पण विल्मोश, पिरोश्का कशी आहे? मी म्हटलं ६२.

चुकून तोंडातून गेलं. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

२१ ऑक्टोबर, सोमवार.
मीटरची आणखी परीक्षा घेतली. स्वयंपाकघरात उकळत्या सुपाच्या भांड्यापाशी: ६२. आंघोळीनंतर न्हाणीघरात: ६२. बाहेर पावसात, छत्रीखाली: ६२. फ्रिजमध्ये: ६२.

दोन शक्यता. एक, या घराच्या हवेत एक प्रकारची शिस्त आहे. दुसऱ्या शक्यतेचा विचार उद्या करीन.

२२ ऑक्टोबर, मंगळवार. दुपारी ४.
हे लिहिताना अक्षर वाकडं येतंय. खुर्ची हलते आहे त्यामुळे.

पिरोश्का आज उठून टेबलाशी बसली होती. समोर मीटर पडला होता. तिची जुनी सवय, बरणीवरचं लेबल असो की औषधाचा स्टिकर, नखानं कोपरा काढत बसायचं. तिनं मीटरचा कोपरा काढला. आणि ६२ सोलून निघाला.

सोलून निघाला! काचेवर चिकटवलेला पातळ प्लॅस्टिकचा कागद, त्यावर छापलेला आकडा. दुकानात बरा दिसावा म्हणून. खाली मीटर काळाठिक्कर. मागं बॅटरीच्या खाचेत प्लॅस्टिकची एक जीभ होती, ती ओढून काढायची असते, ती मी कधी ओढलीच नव्हती. पंधरा दिवस मी एका स्टिकरवर पहारा ठेवला.

पिरोश्का इतकी हसली की तिला बादली लागली. बादली धरून पुन्हा हसली. म्हणाली, अरे विल्मोश, इतका शांत मीटर मी जन्मात पाहिला नाही. मी जीभ ओढली आणि मीटर बरणी क्र. ३ मध्ये घातला. अर्ध्या तासानं बघितलं.

८३.

जुने काटे बरोबर होते. येनोचा चष्माही बरोबर होता.

२३ ऑक्टोबर, बुधवार.
सहाही बरण्या टेबलावर ओतल्या. तुऱ्यांवर पांढरं आहे. आता अडचण अशी: गांजा चांगला पिकला की त्यावर पांढरी चिकट चकाकी येते, तिच्यातच औषध असतं. आणि बुरशीही पांढरीच असते. हा काय चावटपणा आहे? तंबाखूत असली फसवाफसवी नव्हती. चष्मा लावून बघितलं, काढून बघितलं. दिव्याखाली नेलं तर सगळं औषध वाटलं. खिडकीपाशी नेलं तर सगळं विष.

येनोला बोलावलं. (नाइलाज.) त्यानं पोस्टाची तिकिटं बघायचं भिंग आणलं. एक एक तुरा उलटापालटा केला.  माझी पाचावर धारण बसली. मग म्हणाला, दोनमध्ये आहे. पाचमध्ये आहे. तीनमध्येही आत करडं केसाळ दिसतंय. एकमध्ये ओल फार आहे, सांगता येत नाही. मी म्हटलं, चार? त्यानं चार तीनदा बघितली. म्हणाला, चारमध्ये मला काही दिसत नाही. सहामध्येही आज दिसत नाही, पण मी पैज लावणार नाही. आणि मग म्हणाला, किटली कुणी लावली होती रे? मी म्हटलं, मीच. तो म्हणाला, मीही लावली असती. हे त्यानं म्हणायची गरज नव्हती.

दोन, तीन, पाच परसातल्या खड्ड्यात. तोंडाला फडकं बांधून हात कोपरापर्यंत धुतले. मग पिरोश्काच्या खोलीच्या दारापर्यंत गेलो आणि परत येऊन पुन्हा धुतले. मग कपडे बदलले. मग ते कपडे पोर्चवर टाकले. रात्रीचं जेवण दारात ठेवलं आणि लांबूनच सांगितलं. ती म्हणाली, मला काय प्लेग झालाय? मी म्हटलं, तुला नाही, मला झाला असेल.

२४ ऑक्टोबर, गुरुवार.
हवा सुकवायचं यंत्र आणलं. तळघर: ५९, ५८, ६०. खरे आकडे. खरे आकडे हलत राहतात, एका जागी बसत नाहीत. एकदा आकडा बघितला की दुसऱ्यांदा बघावा लागतो. आज छत्तीस वेळा बघितला.

पिरोश्का: वजन १०९. झोपलेली असताना तिचा श्वास मोजला. मिनिटाला सोळा. पुन्हा मोजला, सतरा. यातलं बरोबर कुठलं?

२५ ऑक्टोबर, शुक्रवार.
बर्नडेट आली. मी बरण्यांबद्दल काही बोललो नाही. मळमळ? आटोक्यात. आता म्हणायची सवयच झाली आहे. ती गेल्यावर दिवाणखान्यात बसून राहिलो. मंगळवारी तिसरी फेरी. माझ्याकडे बरणी क्र. ४ आहे, आणि क्र. १ आणि ६, ज्यांच्यावर येनो पैज लावत नाही.

दिलं आणि आत एवढासा कण असला तर? नाही दिलं आणि ती पुन्हा चार दिवस ओकत राहिली तर? १०९ मधून आता जायला उरलंय काय?

उपाय सुचला. अगदी सोपा. राजांकडे पूर्वी जेवण आधी चाखणारा माणूस असायचा. मी चाखणार.

२६ ऑक्टोबर, शनिवार. दुपारी १.
बरणी क्र. ४ चं लोणी केलं. मंद आचेवर, गाळून, व्यवस्थित. ब्रेडवर एक चमचा खाल्लं. मी आयुष्यात विडीसुद्धा ओढली नाही. तंबाखूवाल्यांना तंबाखू कशी असते ते माहीत असतं.

१.३०. काहीच नाही. प्रकृती उत्तम.

१.५०. काहीच नाही. औषधात दम नाही असं दिसतं. आणखी एक चमचा. मोठा.

२.४०. भिंतीवरचं घड्याळ माझ्याशी नीट वागत नाही.

२.५५. जीभ लाकडाची. छातीत काहीतरी उगवतंय. केसाळ.

३.०५. मीटर स्वतःच्या छातीवर ठेवला. ५८. बरं आहे की वाईट?

३.०५. अजून ३.०५ च.

(पुढचं रविवारी लिहितो आहे.)

म्हणे मी स्वयंपाकघराच्या फरशीवर आडवा होतो आणि पिरोश्काला ओरडून सांगत होतो, जवळ येऊ नकोस, माझ्यात बुरशी आहे. ती आली. १०९ पौंडांची बाई, भिंतीला धरत धरत. बशीतलं लोणी बघितलं, चमचा बघितला आणि म्हणाली, दोन खाल्लेस? मूर्खा, तुला काही झालेलं नाही, तुला चढलीय. स्वतःची बादली आणून माझ्यापाशी ठेवली. माझ्या डोक्याखाली पिशवी दिली आणि शेजारी फरशीवर बसली. मी तिच्या कपाळावर मीटर ठेवला. ५७. तिनं तो काढून खिशात घातला.

मग मी ते बोललो. मला आठवतंय, नाही आठवत असं म्हणायची सोय नाही. मी म्हणालो, तू मेलीस तर मला काय करायचं ते माहीत नाही, पिरी, मला फार भीती वाटते, सप्टेंबरापासून वाटते, मी तळघरात जाऊन उभा राहतो. आणि लहान मुलासारखा रडलो.

तिनं बादली जरा बाजूला सरकवली. मग म्हणाली, मलाही वाटते. रोज वाटते. तुला सांगायचं म्हटलं की तू आकडा सांगायचास. मी म्हणायची मला बरं नाही, तू म्हणायचास बासष्ट. मी काय बोलणार त्यापुढे?

सहा वाजेपर्यंत आम्ही फरशीवर होतो. येनोनं खिडकीतून बघितलं आणि हळूच परत गेला.

२७ ऑक्टोबर, रविवार.
डोकं अजून लोकरीचं आहे. मी मेलो नाही. पण यावरून क्र. ४ मध्ये कण नाही असं सिद्ध होत नाही, कारण माझ्या पांढऱ्या पेशी ठणठणीत आहेत. हे पिरोश्कानं सांगितलं. मला चाखण्याआधी सुचायला हवं होतं. सुचलं नाही, कारण तेव्हा काहीतरी करायचं होतं. काय करायचं ते महत्त्वाचं नव्हतं.

एक, चार आणि सहाही खड्ड्यात. लोणीसुद्धा. चार झाडं, चोवीस दिवस, बाकी शून्य.

२८ ऑक्टोबर, सोमवार.
हॉस्पिटलचा कागद आला. पेन उचललं तर पिरोश्का म्हणाली, आण इकडे. तिनं स्वतः भरला. मळमळ: नऊ. नऊ लिहून पेन टेबलावर असं ठेवलं की आवाज झाला. मी विचारलं, आठ नाही? ती म्हणाली, नऊ, आणि तो नऊ सप्टेंबरापासून आहे.

२९ ऑक्टोबर, मंगळवार.
तिसरी फेरी. डॉक्टरांनी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. एक माझ्या अक्षरातला, एक तिच्या. दोन आणि नऊ. म्हणाल्या, तीन आठवड्यांपूर्वीच गोळी बदलली असती, मळमळीची दुसरी गोळी आहे, जिभेवर विरघळते, गिळावीसुद्धा लागत नाही. पण इथं लिहिलंय, आटोक्यात. हे कोणी लिहिलं?

मी म्हटलं, मी.

त्या रागावल्या नाहीत. पिरोश्कानं फक्त माझी बाही धरली, आणि ते जास्त वाईट होतं. तीन आठवडे, रोज सात, नऊ, अकरा वेळा. भिंतीपलीकडे. आणि गोळी सगळा वेळ हॉस्पिटलच्या कपाटात होती. मी काय वाळवत होतो देव जाणे.

गाडीत बसल्यावर मी म्हटलं, मला माफ कर. ती म्हणाली, माफ करीन, पण आज नाही, आज मला थकवा आलाय. मी म्हटलं, बरं. आणि गाडी चालवली. चाळीसच्या वर गेलो नाही.

३१ ऑक्टोबर, गुरुवार. संध्याकाळी ६.
कोरडा काटा: बघितला नाही. ओला काटा: बघितला नाही.

नव्या गोळीचा दुसरा दिवस. काल दोन वेळा, आज एकदा. उद्या किती, माहीत नाही. पुढच्या महिन्यात काय, डॉक्टरांनाही माहीत नाही, त्यांनी तसं सांगितलंच. भीती आहे तेवढीच आहे, जरासुद्धा वाळलेली नाही.

पावणेसहाला पिरोश्कानं अर्धा उकडलेला बटाटा मीठ लावून खाल्ला. आत्ता सहा वाजले, पोटात आहे. यात माझा काही हात नाही. बटाटासुद्धा येनोनं उकडून आणला होता.